शिफारशीचा रकाना

आधी माफी मागतो. लिहिणारी माणसं वेगळी असतात, हे मला कळतं. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. माझं मराठी गाझियाबादेत वाढलेलं, म्हणजे घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. एखादा शब्द चुकीच्या जागी पडला तर सांभाळून घ्या. शिवाय जे सांगायचं आहे ते फार मोठंही नाही. एका घरातल्या कॉम्प्युटरवर एक चौकट उघडली, तिने परवानगी मागितली आणि ती मी दिली. पण ते घर माझं नव्हतं, आणि त्या कॉम्प्युटरमध्ये एका माणसाचं सहा वर्षांचं काम होतं. हे मी कुणाला नीट सांगितलेलं नाही, म्हणून लिहून पाहतो.

माझे वडील कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सरकारी अतिथिगृहात वाढपी होते. महाराष्ट्रातून कामासाठी आलेले अधिकारी तिथे उतरायचे, आणि दिल्लीतच स्थिरावलेली मराठी माणसं रविवारी जेवायला यायची. कुणाला ताकात मीठ चालत नाही, कुणाला पोळी कडक लागते, हे बाबांना पाठ होतं. ताकात मीठ न चालणारे गृहस्थ केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेले होते आणि मयूर विहारमधल्या एका सोसायटीत राहायचे. बाबा त्यांना साहेब म्हणत.

मी कॉलेजात कॉम्प्युटरचा विषय घेतला होता, पण घरी कॉम्प्युटर नव्हता. लॅबमध्ये एका मशीनसमोर आम्ही तिघं बसायचो. कीबोर्ड ज्याच्या हातात, तो शिकायचा. बाकीचे दोघं बघायचे. मी बहुतेक बघणाऱ्यांत असे. बाबांनी एका रविवारी ताक वाढता वाढता साहेबांकडे विषय काढला. घरी येऊन त्यांनी तो प्रसंग आईला दोनदा सांगितला, म्हणून मला तोंडपाठ आहे.

"साहेब, एक विनंती होती. मुलगा कॉलेजात कॉम्प्युटर शिकतोय. हाताखाली मशीन नाही. आपल्याकडे कधी तासभर बसू दिलंत तर..."

"मराठी वाचता येतं त्याला?"

"येतं. जरा हळू वाचतो."

"मराठी टाइप करेल?"

"शिकेल साहेब."

"मग पाठवा रविवारी. आणि ताक अजून वाढा."

अशा रीतीने मी तिथे जायला लागलो. मेट्रो तेव्हा आमच्या बाजूला आलेली नव्हती. दोन बसा बदलून जावं लागे. वाटेत शेतांमध्ये बिल्डरांच्या पाट्या उभ्या होत्या, त्यांवर हिरवळ आणि कारंजी रंगवलेली. एका ठिकाणी मॉलचा सांगाडा उभा राहत होता आणि दर रविवारी तो थोडा वर सरकलेला दिसे. सगळ्यांना तेव्हा वाटत होतं की काहीतरी सुरू होतंय. मलाही वाटत असावं. आता आठवायला गेलो तर पाट्या आठवतात, वाटणं आठवत नाही.

साहेब मला म्हणाले, "साहेब तुझ्या वडिलांसाठी. तू काका म्हण." माझ्या तोंडातून ते कधी निघालं नाही. मी सर म्हणायचो. त्यांच्या पत्नीला मात्र मी पहिल्या दिवसापासून काकू म्हटलं, कारण दार उघडल्या उघडल्या त्यांनी विचारलं होतं, "जेवून आलायस का नुसता आलायस?" काकांना इथे लिहिताना काका म्हणतो. कागदावर जमतंय.

काकांचं काम असं होतं. दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलांच्या तोंडून जे शब्द गळून गेले, ते काका गोळा करत होते. निवृत्त झाल्यापासून ते एकेका मराठी घरी जायचे, आईबापांशी गप्पा मारायचे, मग मुलांना विचारायचे. आईला माहीत आहे आणि मुलाला नाही, असा शब्द सापडला की खिशातली चिठ्ठी काढून लिहायचे. शब्द, त्याचा अर्थ, आणि तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य जसंच्या तसं. ते वाक्य महत्त्वाचं, असं ते म्हणत. अर्थ कुठल्याही कोशात मिळेल. पण पंजाबी शेजारणीशी भांडून आलेल्या बाईने तो शब्द कसा वापरला, हे कोशात नसतं.

मी जायला लागलो तेव्हा चिठ्ठ्यांनी दोन सुटकेसा भरल्या होत्या, आणि काका एका बोटाने टाइप करत होते. मी ते काम हातात घेतलं. ते वाचून दाखवायचे, मी टाइप करायचो. मध्येच थांबून माझीच परीक्षा घ्यायचे.

"हिरमुसणे?"

"माहीत नाही सर."

"टिच्चून?"

"नाही."

"चुटपुट?"

मी विचार करून म्हणालो, "काहीतरी चिकट असेल."

काकू स्वयंपाकघरातून हसल्या. "चिकटच असते रे. सुटत नाही म्हणून तर."

"तू माझा उत्तम नमुना आहेस," काका म्हणाले. "तुला येत नाही तो शब्द डोळे मिटून यादीत घ्यायचा."

चिठ्ठीवरचं टाइप झालं की काका ती पडताळून पाहत आणि चार तुकडे करून टोपलीत टाकत. ही त्यांची खात्यातली सवय. नोंद पक्की झाली की मूळ कागद नष्ट करायचा, नाहीतर खोल्या कागदांनी भरतात आणि हवा तो कागद कधीच सापडत नाही. काकूंना ही सवय फार आवडे. "तेवढीच एक सुटकेस रिकामी झाली," असं म्हणत त्यांनी पहिली सुटकेस धुऊन उन्हात ठेवली होती. मलाही त्यात काही गैर दिसलं नाही. मी कॉम्प्युटर शिकणारा मुलगा. कागदापेक्षा कॉम्प्युटर पक्का, असं मला मनापासून वाटायचं.

दुसऱ्या वर्षी काकांनी घरी ब्रॉडबँड घेतलं. त्यांची मुलगी पुण्यात होती, तिच्याशी ईमेलवर बोलता यावं म्हणून. तेव्हापासून त्या चौकटी यायला लागल्या. आपण टाइप करत असावं आणि मध्येच पडद्यावर चौकट उघडावी. अमुक प्रोग्रामचा नवा अपडेट आला आहे, बसवू का? तमुक कंपनीचा प्रोग्राम तुमच्या मशीनमध्ये बदल करू इच्छितो, परवानगी द्याल का? सगळं इंग्रजीत आणि अगदी अदबीने. खाली हो आणि नाही अशी दोन बटणं.

सुरुवातीला काका प्रत्येक चौकटीला हो म्हणत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "टेबलावर आलेलं प्रकरण त्याच दिवशी निकालात काढायचं. पेंडिंग ठेवायचं नाही." एकदा अशा होकारानंतर पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारी एक जांभळं माकड येऊन बसलं. ते दर दहा मिनिटांनी इंग्रजीत विनोद सांगायचं आणि जाता जात नव्हतं. काकू म्हणाल्या, "निवृत्तीनंतर तुम्हाला शिपाई मिळाला म्हणायचा." ते माकड काढायला मला दोन रविवार लागले.

मग मी कॉलेजातल्या सरांना विचारलं, लायब्ररीत वाचलं आणि काकांना घाबरत घाबरत सांगितलं. चौकट आली की तिच्यातलं कुठलंच बटण दाबू नये. नाहीसुद्धा नाही, कारण खोट्या चौकटीत नाही हेसुद्धा हो असू शकतं. कीबोर्डवरून ती बंद करावी. मग तो प्रोग्राम आपण स्वतः उघडावा आणि खरंच अपडेट आहे का, हे त्याच्याच मेन्यूत पाहावं. असेल तर तिथूनच घ्यावा. चौकटीत बनवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं, ते अक्षर अन् अक्षर वाचावं. नाव माहीत नाही असं तिथे लिहिलेलं असेल तर विषय संपला. आणि रोजच्या कामासाठी मशीनवर एक साधं खातं ठेवावं, ज्यातून पासवर्डाशिवाय काही बसवताच येत नाही. म्हणजे हात चुकला तरी दुसरं दार बंद राहतं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे प्रश्न एकच. आपण काही मागवलं होतं का? मागवलं नसताना कुणी दारात उभं असेल, तर आधी त्याचा कागद बघायचा."

"हो सर. असंच."

"मग याची पद्धत लावून टाकू."

त्यांनी लाल पुठ्ठ्याची एक वही काढली आणि पट्टीने रकाने आखले. तारीख. चौकटीतला मजकूर. बनवणाऱ्याचं नाव. आपण मागवलं होतं का. शिफारस. सही. चौकट आली की मी ती वहीत उतरवायची, तपासायची, शिफारशीच्या रकान्यात मत लिहायचं आणि आद्याक्षरं घालायची. मग वही काकांपुढे ठेवायची. त्यांनी वाचून सही केल्याशिवाय पासवर्ड घालायचा नाही. मी डीलिंग हँड, म्हणजे प्रकरण तयार करणारा कारकून, आणि ते मंजुरी देणारे अधिकारी. माझ्या आयुष्यात माझं मत कुणी रकान्यात मागितलं, ती पहिली वेळ होती. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "साहेबांच्या सहीच्या वर तुझी सही? बापरे."

काकू मात्र वैतागायच्या. "एवढ्या सह्या तर आपल्या लग्नातही झाल्या नाहीत. बटण दाबायचंय, देशाचं बजेट नाही काढायचं."

"तुझ्यासारख्या लोकांमुळेच माकडं येतात," काका म्हणायचे.

वही उत्तम चालली. सव्वा वर्षात एकही माकड आलं नाही. पहिल्या पानांवर माझी शिफारस चार चार ओळींची असे आणि काका त्यात शुद्धलेखनाच्या चुका काढत. हळूहळू ती दोन ओळींवर आली. मग एका शब्दावर. व्हायरस रोखणाऱ्या प्रोग्रामची चौकट जवळजवळ दर रविवारी यायची, तेच रंग, ढालीचं तेच चित्र. तिच्यापुढे मी 'नेहमीचेच' असं लिहायला लागलो. काकांची सहीही हळूहळू लहान होत गेली. आधी पूर्ण नाव, मग आडनाव, मग एक वळसा आणि रेघ.

याच काळात यादी वाढत गेली. दुसरी सुटकेसही रिकामी झाली. काकांच्या ओळखीच्या एका मराठी मंडळाने ती छापायचं कबूल केलं होतं. टायपिंग जवळपास पूर्ण झालं होतं, काही दुरुस्त्या राहिल्या होत्या. यादीच्या प्रतीची काळजीही मीच घेतली होती. काकांनी विचारलं होतं, "दुसरी प्रत आहे ना?" आणि मी हो म्हटलं होतं. प्रत होती. ती त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर, दुसऱ्या भागात होती. फ्लॉपीवर फाइल मावत नव्हती आणि सीडीवर घालून आणायचं मी पुढच्या रविवारवर ढकलत होतो. प्रत आहे, एवढं म्हटलं की माझ्या मनाचं समाधान व्हायचं.

तो रविवार साधा होता. सोसायटीची सभा होती आणि काका कमिटीवर असल्यामुळे घाईत होते. माझा दुसऱ्या दिवशी पेपर होता. मी दुरुस्त्या करत होतो आणि मांडीवर कॉलेजची वही उघडी ठेवून मधूनमधून वाचत होतो. तेवढ्यात चौकट आली. तीच ढाल, तोच निळा रंग. महत्त्वाचा अपडेट, ताबडतोब बसवा.

मी लाल वही काढली. तारीख घातली. मजकूर अर्धा उतरवला. बनवणाऱ्याच्या रकान्यात आदल्या ओळीतलं नाव पुन्हा लिहिलं. चौकटीत तेच नाव होतं का, हे मी पाहिलं नाही. प्रोग्राम स्वतंत्र उघडून पाहिला नाही. मला आठवतं, माझ्या मनात एक विचार येऊन गेला की सर वाचतीलच. शिफारशीत लिहिलं, 'नेहमीचेच', आणि आद्याक्षरं घातली.

काका एका पायात बूट घालून आले. "काय आहे?"

"अपडेट आहे सर."

त्यांनी उभ्याउभ्या वही घेतली. त्यांची नजर सरळ शिफारशीच्या रकान्यावर गेली, हे मला दिसलं. पडद्याकडे त्यांनी पाहिलं नाही. वळसा आणि रेघ. "चल, मी येतो तासाभरात," म्हणाले आणि दुसरा बूट घालून गेले.

मी पासवर्ड घातला. हो दाबलं. काहीच झालं नाही. अपडेट बसताना एक हिरवी पट्टी सरकायची, ती सरकली नाही. झालं असेल, असं मी म्हटलं आणि पेपराचा अभ्यास करायला लागलो.

पुढच्या रविवारी काकांनी दार उघडलं ते बोलतच. त्यांना आदल्या दिवशी एक नवा शब्द मिळाला होता आणि तो योग्य जागी घालायचा होता. मी फाइल उघडली. यादीच्या जागी एक ओळ होती. अक्षरंही नव्हती, आकडे आणि चिन्हं यांची एक ओळ. दुसरी फाइल उघडली. तीच ओळ. प्रस्तावना, तीच ओळ. काकांनी मुलीला लिहिलेली पत्रं, तीच ओळ. डिस्कच्या दुसऱ्या भागातली प्रत उघडताना माझा हात व्यवस्थित चालत होता. तिथेही तीच ओळ होती.

"दुसरं काहीतरी उघड," काका म्हणाले.

"सगळं असंच आहे सर."

काकू हात पुसत आल्या. "म्हणजे काय? दिसत नाहीये की गेलं?"

काकांनी लाल वही मागितली. शेवटची ओळ वाचली. मग चष्मा काढून, पुसून पुन्हा वाचली.

"बनवणाऱ्याचं नाव तू पाहिलं होतंस?"

"नाही सर. मला वाटलं तुम्ही वाचाल."

"मी नाही वाचलं," ते म्हणाले. "तुझी आद्याक्षरं होती. मला वाटलं तू वाचलंयस."

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. मी ते ऐकत होतो. मला रडू यावं, लाज वाटावी, असं मला वाटत होतं, पण आत काहीच हलत नव्हतं. काकूंनी चहा आणला. मी तो प्यायलो. साखर जास्त आहे, एवढंच मनात आलं.

आम्ही डिस्क काढून नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात नेली. तिथे तळघरातल्या एका दुकानात एक माणूस अशा डिस्का बघायचा. त्याने अर्धा तास बघितलं आणि हिंदीत म्हणाला, "अंकल, मिटा होता तो निकाल देता. इसने ऊपर से लिख दिया है. नीचे कुछ बचा नहीं. बैकअप नहीं था?"

काका म्हणाले, "था. इसी में था."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र घातलं होतं, ते त्याने वाचलं असावं.

परतताना बसमध्ये काकांना खिडकीजवळ जागा मिळाली आणि मी उभा राहिलो. ते वर पाहून म्हणाले, "शिफारस करणारा जबाबदार नसतो. सही करणारा असतो. हे तुला परीक्षेत कुणी विचारणार नाही, पण लक्षात ठेव." मग मयूर विहारच्या स्टॉपवर उतरताना म्हणाले, "रविवारी ये. पुन्हा सुरुवात करू. बरंचसं मला आठवतं, बाकीचं काकूला आठवेल. पण टाइप तुला करावं लागेल."

मी हो म्हणालो.

त्या रविवारी मी गेलो नाही. परीक्षा होती, हे खरं होतं. पुढच्या रविवारी परीक्षा नव्हती. मी तयार झालो, बसस्टॉपवर गेलो, पहिली बस जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली आणि घरी आलो. आईने विचारलं, "नव्हते का घरी?" मी नव्हते म्हटलं. त्यानंतर ते सोपं झालं. न जाण्याला काही करावं लागत नाही.

बाबा अतिथिगृहातून आले की सांगायचे. "साहेब विचारत होते तुझ्याबद्दल." किंवा, "काकू आल्या होत्या बरोबर. म्हणाल्या, मशीन दुरुस्त करून आणलंय, त्याला सांगा. नवी सीडी लिहायची सोयही करून घेतलीय." मी म्हणायचो, जाईन. बाबांना काय झालं होतं ते मी सांगितलं नव्हतं. मशीन बिघडलं होतं, एवढंच त्यांना माहीत. काकांनीही त्यांना सांगितलं नसावं, कारण माझ्याकडे पाहतानाचा बाबांचा चेहरा बदलला नव्हता.

एकदा बाबा म्हणाले, "अरे, त्यांना तुझं काही काम आहे. साहेब माणूस आहे, आपल्यासारख्याला किती वेळा विचारणार?"

"परीक्षा झाली की जातो बाबा."

"परीक्षा कधी संपते तुझी? बारा महिने?"

आई म्हणाली, "जाऊ द्या हो, शिकणारा मुलगा आहे."

मी तेव्हा काय विचार करत होतो, हे मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. मला वाटायचं, मी गेलो तर ते मला माफ करतील. त्यांनी ते बसमध्येच करून टाकलं होतं. आणि मग मला त्यांच्यासमोर बसून तेच शब्द पुन्हा टाइप करावे लागतील, एकेक करून, आणि जे त्यांना आठवणार नाहीत तिथे ते थांबतील. ते थांबणं मला ऐकायचं नव्हतं. त्यांना शब्द आठवले असते. पण प्रत्येक शब्दाबरोबरचं ते वाक्य, कुणा बाईने कधीतरी सहज म्हटलेलं, ते कसं आठवणार होतं? चिठ्ठ्या फाटल्या होत्या. ज्या बायका ते बोलल्या, त्यांतल्या काही दिल्ली सोडून गेल्या होत्या आणि दोघीतिघी वारल्या होत्या.

कॉलेज संपलं आणि मला गुडगावात नोकरी लागली. काचेच्या इमारतीत, दिवसपाळीची. लोकांच्या घरचे कॉम्प्युटर बिघडले की ते फोन करायचे आणि आम्ही पायरी पायरीने सांगायचो. त्यांतले निम्मे फोन चौकटींचे असत. मी हेडफोन लावून दिवसभर तेच बोलायचो. दबाइए मत. बंद कीजिए. आपने कुछ मँगवाया था क्या? समोरचा नहीं म्हणायचा, मग मी म्हणायचो, तो फिर मत दबाइए. माझ्या बोलण्याचं वरिष्ठांनी एकदा कौतुक केलं. इतरांना माझं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्या दिवशी घरी मिठाई नेली. आई खूश झाली. मला काही वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटलं नाही.

दीड वर्ष गेलं असेल. शनिवार होता, मला सुट्टी होती. बाबा संध्याकाळी आले, पाय धुतले आणि स्टुलावर बसून नखं कापायला लागले. ती कापता कापता म्हणाले, "आज साहेबांचे शेजारी आले होते जेवायला. साहेब गेले पुण्याला."

"कधी येणार?"

"येणार नाहीत. फ्लॅट देऊन टाकला. मुलीकडे राहायला गेले. आता चारपाच महिने झाले म्हणे. मी म्हणतच होतो, दिसत नाहीत रविवारचे."

मी टीव्हीचा आवाज कमी केला. "त्यांचं काम चालू होतं ना एक? शब्दांचं?"

"तेच तर शेजारी सांगत होते. साहेबांनी पुन्हा हाताने लिहायला घेतलं होतं. वर्षभर लिहीत होते. मग हात थरथरायला लागला. काकूंनी लिहून बघितलं, पण त्यांना दिसायचं कमी झालं होतं." बाबांनी दुसरा हात पुढे घेतला. "मंडळवाल्यांनी विचारलं, एवढं टाइप झालं होतं त्याचं काय झालं? तर म्हणाले, माझ्या सहीने गेलं. शेजारी म्हणत होते, सही कशाची, काही कळलं नाही. तुला माहीत आहे काही?"

मी मान हलवली. ती हो होती की नाही, बाबांना कळलं नसावं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"मग ते लिहिलेलं कुठे आहे?" मी विचारलं. "हाताने लिहिलेलं?"

"नेलं नाही. जाताना मंडळवाले मागायला गेले होते. साहेब म्हणाले, आता काय करायचंय त्याचं. पुण्यात सगळेच हे शब्द बोलतात, रिक्षावालासुद्धा बोलतो. तिथे माझ्या यादीची कुणाला गरज नाही, आणि इथे ती वाचायला कुणी उरलं नाही."

बाबांनी नखं कागदात गोळा केली आणि उठले.

"फाडून टाकलं म्हणे. चार चार तुकडे करून."